मोजायचा राहिलेला दहावा

दहा जणांनी नदी पार केली ही गोष्ट कीर्तन-प्रवचनांतून ऐकली नाही असा वारकरी विरळाच. तरी विषयाच्या ओघात ती एकवार सांगणे भाग आहे. दहा सोबती पुराच्या नदीतून पोहत पैलतीरास लागले. कोणी वाहून तर गेले नाही ना, म्हणून एकाने मोजणी केली, नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. जो मोजी तो स्वतःस सोडून मोजी. दहावा बुडाला असे धरून दहाही जण वाळूत बसून धाय मोकलून रडू लागले. वाटेने एक शहाणा गृहस्थ चालला होता. त्याने सर्वांना ओळीने उभे केले, मोजले, आणि शेवटच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "अरे, दहावा तूच!" विद्यारण्यस्वामींनी चौदाव्या शतकात पंचदशी रचली, तिच्या तृप्तिदीप प्रकरणात या दृष्टांताच्या सात पायऱ्या केल्या आहेत. दहावा जिवंत आहे असे दुसऱ्याच्या तोंडून कळणे हे परोक्ष ज्ञान. दहावा मीच, हे अपरोक्ष. ते झाले की शोक सरतो आणि तृप्ती येते.

आम्ही राहतो धर्माबादेस. लाल मिरचीची पेठ म्हणून या गावाचे नाव. गोदामाई जवळ, आणि पलीकडे तेलंगणात बासरची सरस्वती. नदी, पूर, वाळू या गोष्टी आम्हांस कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तरी या दृष्टांतातली एक अवघड जागा इतकी वर्षे आमच्या ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात आणून दिली आमच्याच भजनी मंडळातील एका टाळकऱ्याने, आणि तीही स्वतःस नकळत.

हे गृहस्थ मिरचीच्या गिरणीत हिशेब लिहीत. वय चाळिशीचे, अक्षर मोत्यासारखे, हरिपाठास कधी नागा नाही. तीन वर्षांपूर्वी करखेलीकडून येताना त्यांची मोटारसायकल घसरली. डोक्याला हेल्मेट नव्हते. नांदेडला नेले. बारा दिवस शुद्ध नव्हती. पांडुरंगाची कृपा आणि डॉक्टरांची शर्थ, जीव वाचला. दीड महिन्याने घरी आले. हात-पाय धड, बोलणे स्पष्ट, अभंग जसेच्या तसे पाठ. गावाने म्हटले, बरे झाले. तेही म्हणत, "मला कुठं काय झालंय? बरा हाय की मी."

पण घरच्या बाईला दिसत होते ते गावाला दिसत नव्हते. एकच प्रश्न तासाभरात चार वेळा. शेगडी पेटवली की विसरली. मुलाने पाण्याचा तांब्या सांडला तर ताट भिरकावणे; पूर्वी या माणसाने घरात आवाज चढविलेला कोणी ऐकला नव्हता. गिरणीत पुन्हा जाऊ लागले तो बेरजा चुकू लागल्या. चूक दाखविली की म्हणत, आकडे कोणीतरी बदलले. आणि त्यात गंमत वाटावी अशी एक गोष्ट होती, जिची गंमत आता आम्हांस मुळीच वाटत नाही. एकादशीच्या भजनात कपाळी बुक्का लावला की ते म्हणत, "बुक्का बदलला काय हो? वासच नाही याला." बुक्का तोच होता. आम्ही तसे सांगितले की हसत, "दुकानदारानं फसवलं तुम्हांला."

नाकाच्या वर कवटीचे हाड चाळणीसारखे असते. त्या छिद्रांतून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात. डोके जोराने आदळले की ते तंतू तुटतात आणि माणसाचा वास जातो. डोक्याच्या मोठ्या दुखापतीत हे पुष्कळदा घडते. पण मिरचीचा ठसका निराळ्याच नसेने जातो. तो शाबूत राहतो. म्हणून आमच्या टाळकऱ्याजवळ बिनतोड पुरावा होता: "गिरणीत ठसका लागतो की मला, मग वास कसा जाईल?" वास गेला होता, हे त्यांना माहीत नव्हते एवढेच नव्हे, तर गेला नाही याची खात्री होती.

ही खात्री कोठून येते? हात मोडला तर हात दुखून सांगतो. मेंदू स्वतः दुखत नाही. शस्त्रवैद्य रोग्यास जागा ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर शस्त्रक्रिया करू शकतात, ती याचमुळे. कवटीवरील त्वचा तेवढी बधिर करावी लागते. म्हणजे सुमारे १.४ किलो वजनाचा जो अवयव साऱ्या देहाच्या वेदना आपणास कळवितो, त्याला स्वतःची वेदना कळविण्याची सोय नाही. त्यातून वाहन घसरून डोके आपटले की आतला मऊ मेंदू पुढे सरकून हाडाच्या खडबडीत तळाशी घासतो. कपाळामागचा भाग आणि कानशिलांजवळची टोके सर्वांत जास्त सोसतात. कपाळामागचा भाग करतो काय? आपण काय बोललो, काय केले, चुकले की बरोबर, याची तपासणी. पेढीच्या भाषेत सांगायचे तर तो मुनीम. एखादा कारकून आजारी पडला तर मुनीम चूक काढील. मुनीमच जायबंदी झाला तर वही बरोबरच दिसणार. आमचा टाळकरी खोटे बोलत नव्हता. त्याच्या वहीत बेरीज खरोखरच जुळत होती.

पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की या डॉक्टरांनी १९१४ साली या अवस्थेला नाव दिले. डाव्या अंगावरून वारे गेलेले रोगी त्यांनी पाहिले, ज्यांना आपला हात लुळा पडला आहे हेच मान्य नव्हते. हात उचला म्हटले तर स्वस्थ बसत किंवा भलतेच बोलत. बाबिन्स्कींनी त्याला 'ॲनोसोग्नोसिया' म्हटले, म्हणजे आपल्या रोगाचे अज्ञान. पुढे असे आढळले की डोक्याला मार लागलेल्यांत हेच अज्ञान स्मरणशक्तीविषयी, रागाविषयी, विचाराविषयीही असते, आणि ते लुळ्या हाताहून ओळखण्यास कठीण. कारण लुळा हात चारचौघांना दिसतो, हे दिसत नाही. चारचौघांना फक्त उद्धटपणा दिसतो.

आम्हांलाही तोच दिसला. येथे आमचा गुन्हा कबूल केला पाहिजे. अपघातानंतर चौथ्या महिन्यात एकादशीच्या जागरास टाळ सारखा मागे पडत होता. लय वाढली की हे जुन्याच लयीत. आम्ही भर भजनात, पन्नास माणसांसमोर, हात वर करून म्हटले, "ताल धरता येत नसेल तर टाळ खाली ठेवा." ते म्हणाले, "तुम्ही काय सांगायलाव मला? तुमचाच चुकायलाय." लोक हसले. त्यांनी टाळ ठेवला, उठले, आणि त्यानंतर सात महिने मंडळात आले नाहीत.

माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना समाज-आरतीचा रिवाज ठाऊक आहे. मुक्कामावर चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. कोणी तिच्यावर खेकसत नाही. चोपदार तिकडे जातात, विचारतात, ऐकून घेतात. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची खबरही तेथेच दिली जाते. आम्ही हा सोहळा कितीदा पाहिला असेल! जो टाळ थांबत नाही तेथे काही गाऱ्हाणे आहे, एवढे साधे शास्त्र ज्या संप्रदायात रूढ आहे, त्यात वाढलेल्या आम्हांस आमच्या शेजारचा बेताल टाळ अरेरावीचा वाटला. असो.

आता एक शंका. अनेक भाविकांनी ती आम्हांस विचारली आणि ती टाळण्याजोगी नाही. आत्म्याला शस्त्र तोडीत नाही, अग्नी जाळीत नाही, असे गीता सांगते. मग रस्त्यावरच्या खडीने माणसाचा 'मी' कसा मोडला? जो शांत होता तो रागीट झाला, जो नेटका होता तो गबाळा झाला. मग पहिला कोठे गेला? आणि हा नवा 'मी' जर मेंदूच्या जखमेतून निघाला, तर पहिलाही मेंदूतूनच निघालेला नव्हता कशावरून?

शंका खरी आहे, आणि "असे बोलू नये" हे तिचे उत्तर नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर तेराव्या अध्यायात आहे. तेथे भगवंत क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असे दोन भाग करतात आणि क्षेत्रात काय काय येते ते मोजून सांगतात. आपण समजतो क्षेत्र म्हणजे हा हाडामांसाचा देह. पण त्या मोजणीत बुद्धी आहे, अहंकार आहे, मन आहे. इच्छा, द्वेष, सुख, दुःख आहे. इतकेच नव्हे तर चेतना आणि धृती यांचीही गणना क्षेत्रातच केली आहे. ज्याला आपण माझा स्वभाव, माझा धीर, माझी समज म्हणतो, ते सारे शेत. मालक नव्हे. गोदेला पूर येतो, बांध फुटतो, काळ्या मातीवर वाळूचा थर बसतो, आणि ज्या रानात सोन्यासारखे पीक येई तेथे कुसळ उगवते. त्या रानाला कोणी पापी म्हणत नाही. या विज्ञानाने आमच्या तत्त्वज्ञानाचे काही हिरावले असे आम्हांस वाटत नाही. उलट, शेतालाच मालक समजण्याची आपली खोड त्याने उघडी पाडली. मात्र हेही सांगतो की क्षेत्रज्ञ कोणी आहे याचा पुरावा डॉक्टरांच्या यंत्रात मिळेल, अशी आशा धरणारे दोहोंकडूनही फसतील. यंत्र शेतच मोजणार.

याच जागी कोणी असेही म्हणतात की पूर्वकर्माचे भोग आहेत, भोगू द्यावेत. हे बोलणे आम्हांस मान्य नाही. दुसऱ्याच्या दुःखाला कर्माचे नाव देणे म्हणजे आपल्या हातांना सुट्टी देणे होय. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी क्रूर हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ ला देह ठेवीपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांना स्वतःचे भान किती होते, होते की नव्हते, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या सेवेतील रुग्णालयाचे मत मानले. आम्हांस सांगायचे ते इतकेच की त्या वादाचा निकाल लागण्याची वाट परिचारिकांनी पाहिली नव्हती. ज्यांनी अरुणाबाईंना धडधाकट असताना कधी पाहिलेही नाही अशा मुलींनी पिढी बदलली तरी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. आत कोणी आहे काय, याचे उत्तर त्यांनी तर्काने दिले नाही.

आमच्या टाळकऱ्याची गोष्ट इतकी टोकाची नव्हती. तेथे कोणी आहे याविषयी शंका नव्हती. आपण कसे झालो आहोत एवढेच त्यांना दिसत नव्हते. तर मग सांगावे की नाही? सांगायचे तर कोणी, कसे? दृष्टांतातली ती अवघड जागा येथेच आहे. नदीकाठच्या दहाव्याला "तूच तो" म्हणताच त्याचे रडे थांबले. आमच्या दहाव्याचे उलटे. तो रडतच नव्हता. तो आनंदात होता. रडत होते बाकीचे नऊ. ज्या दिवशी त्याची मोजणी बरोबर येईल त्या दिवशी त्याचे रडे सुरू होणार. तेथे ज्ञानाने शोक जातो, येथे ज्ञानाने शोक येतो. दुखापत झालेल्यांना जसजशी आपल्या उणिवांची जाणीव होते तसतशी पुष्कळांना उदासीही ग्रासते, हा वैद्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

रशियातील झासेत्स्की नावाच्या तरुण सैनिकाची हकीकत अलेक्झांडर लुरिया या थोर मेंदूवैज्ञानिकाने लिहून ठेवली आहे; पुस्तक १९७१ साली निघाले. मार्च १९४३ मध्ये झासेत्स्कीच्या डोक्यात गोळी शिरली. जखम मागच्या-डाव्या बाजूस. मुनीम शाबूत राहिला. त्यामुळे आपले काय काय गेले हे त्याला लख्ख दिसे. उजवी बाजू दिसेना, अक्षरे ओळखू येईनात, अंगाचे अवयव कोठे आहेत ते उमगेना. एक दिवस त्याला असे सापडले की अक्षराअक्षराचा विचार न करता हात नुसता चालू दिला तर शब्द उमटतो. त्या आधारावर त्याने पंचवीस वर्षे आपलीच कथा लिहिली, सुमारे ३००० पाने. कित्येक दिवसांत चार ओळीही होत नसत, आणि लिहिलेले स्वतःला वाचणे महाकठीण. आम्ही ही हकीकत वाचली तेव्हा पहिला विचार आला तो हा की, आमचा टाळकरी सुखी की झासेत्स्की? याचे उत्तर आम्ही झटकन देऊ शकलो नाही. आजही देता येत नाही. पण इतके कळले की जो कोणी दुसऱ्याचे डोळे उघडू पाहतो त्याने त्याच्या रडण्यापाशी बसण्याची तयारी आधी करावी. ती नसेल तर सांगू नये. त्या एकादशीस आम्ही जे सांगितले ते सत्यच होते, पण ते टाकून आम्ही पुढच्या अभंगाला लागलो.

आणि नुसते सांगून भागतही नाही. ब्रूस क्रॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली या जाणिवेचे तीन थर मांडले. पहिला, लोक म्हणतात म्हणून ठाऊक असणे. दुसरा, चूक होत असताना ती ध्यानात येणे. तिसरा, चूक होण्याआधी, येथे आपण अडखळू, हे ओळखून तजवीज करणे. श्रवण, मनन, निदिध्यास यांच्याशी याची जोडी लावण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण ओढूनताणून जोडलेले टिकत नाही. विद्यारण्यांचे परोक्ष-अपरोक्ष मात्र येथे बरोबर बसते. "तुमची स्मरणशक्ती गेली आहे" हे ऐकून "हो" म्हणणारा माणूस दुसऱ्या क्षणी विसरूनच बाजाराला निघतो. दहावा आहे, पण तो दुसराच कोणी.

पहिल्यापासून तिसऱ्या थरापर्यंत नेण्याचे जे शास्त्र आहे त्याचा मोठा भाग सैनिकांच्या सेवेतून आला. १९७३ च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी यहूदा बेन-यिशाय यांनी एक केंद्र चालविले आणि पुढे न्यूयॉर्कला तीच पद्धत नेली. त्यांची रीत ऐकून वारकऱ्याला परके वाटणार नाही. दहा-पंधरा जखमी एकत्र. रोज ठरल्या वेळी वर्तुळात बसायचे. प्रत्येकाने आपले बोलायचे, इतरांनी ऐकायचे. घरची माणसेही त्यात. डॉक्टरने सांगितलेली चूक जो मानीत नाही, तो आपल्यासारख्याच दुसऱ्या जखमीच्या तोंडून ऐकली की विचारात पडतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत, जी १९७४ साली या रूपात आली, मेंदूच्या दुखापतीनंतर लक्ष एकाग्र करण्यासाठी जे सराव देतात त्यांत एक आहे धान्य निवडण्याचा. दोन-तीन धान्ये मिसळून द्यायची, वेगवेगळी करायची, वेळ आणि चुका लिहून ठेवायच्या. हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. घराघरांत सूप आहे, ताट आहे, तूर आहे, मूग आहे.

नेमाचे सामर्थ्य किती, याला एक जुना दाखला आहे. अमेरिकेतील फिनिअस गेज हा रेल्वेमार्गावरचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंग ठासताना सुमारे साडेतीन फुटी लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून माथ्यातून बाहेर गेली. तो जगला, पण स्वभाव इतका पालटला की ओळखीचे लोक म्हणू लागले, हा तो नव्हेच. पाठ्यपुस्तकांतून बहुधा इतकेच सांगतात आणि थांबतात. ते आम्हांस अन्यायाचे वाटते. कारण हाच गेज पुढे चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकीत होता. रोज ठरलेली वेळ, ठरलेली वाट, उतारूंशी नीट बोलण्याची गरज. अभ्यासक आता म्हणतात की या बांधलेल्या दिनक्रमानेच तो बराचसा सावरला असावा. १८६० साली तो वारला.

आता पुन्हा धर्माबादेकडे. आमच्या मंडळाचे विणेकरी सत्तरीचे आहेत, शिक्षण बेताचे. यांतले काही त्यांनी वाचलेले नाही. सात महिन्यांनी ते टाळकऱ्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "अण्णा, पहाटे मला काकड्याला सोबत लागते. डोळ्यांना नीट दिसत नाही." डोळ्यांचे खरेच होते. रोज पहाटे दोघेच देवळात. विणेकरी दर दिवशी विचारीत, "आज किती अभंग तालात जातील?" हे म्हणत, "सगळे." मग म्हणायचे, आणि शेवटी विणेकरी विचारीत, "किती गेले?" स्वतः आकडा सांगत नसत. प्रथम उत्तर येई, "सगळेच गेले की." बुवा म्हणत, "बरं." दीडएक महिन्याने एका पहाटे उत्तर आले, "दोन सुटले वाटतं." नांदेडच्या डॉक्टरांना आम्ही पुढे हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, आधी अंदाज करायचा, मग काम करायचे, मग ताडून पाहायचे, ही तर शिकविण्याची मान्य रीत आहे, तुमच्या बुवांना कोणी शिकवली?

त्यानंतरचे दिवस वाईट होते. "दोन सुटले" म्हणणारा माणूस महिनाभरात म्हणू लागला, "माझ्यात काही राहिलं नाही." जेवण सुटले. एका पहाटे बुक्का लावताना त्यांनी बुवांचा हात धरला आणि म्हणाले, "बुक्का तोच हाय ना हो? माझंच नाक गेलंय." बुवा त्या दिवशी काकडा न म्हणता त्यांच्यापाशी बसून राहिले. औषधोपचारही झाले, आणि ते व्हावेतच. अशा उदासीला केवळ नामाने बरी करू पाहणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही नाही.

घरची बाई या सगळ्यात जे करीत होत्या त्यासाठी मात्र आम्हांस पुस्तकी शब्द सापडत नाही. मोटारसायकलची किल्ली हा रोजचा कलह. शेजारणी म्हणाल्या, हरवली म्हणून सांगा, नाहीतरी विसरतात. बाईंनी ते केले नाही. त्या रोज सांगत, "किल्ली मी ठेवली आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत देणार नाही." रोज शिव्या ऐकत. विसरणाऱ्या माणसाशी खोटे बोलणे सर्वांत सोपे असते, पकडले जाण्याची भीतीच नाही. तरी त्या बोलल्या नाहीत. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्यांना आधीच काय खरं काय खोटं कळंना गेलंय. त्यात मी अजून भर घालू का?" पैशांचे व्यवहार त्यांनी आपल्या हाती घेतले, पण भाजीचे शंभर रुपये रोज त्यांच्या हातात देत आणि परत आल्यावर दोघे मिळून वहीत मांडत. कधी वीस रुपये कमी येत. ते वीस रुपये शिक्षणाचे, असे त्या समजत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी की छायाचित्रात मेंदू ठीक दिसला, जखम भरली, म्हणून सारे भरले असे होत नाही. चिडचिड, विसर, एकाएकी थकणे, वास जाणे हे डॉक्टरांना रोग्याने नव्हे, घरच्याने सांगावे, कारण रोगी "बरा आहे" असेच सांगणार. रस्त्यात कोणी जखमी दिसला तर पोलिसांच्या कटकटीला भिऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. १०८ ला फोन करावा. आणि हेल्मेटविषयी लिहिण्याची आम्हांस लाज वाटते, इतके ते उघड आहे. तुळशीची माळ गळ्यात आहे म्हणून डोके उघडे ठेवणारे आमच्याच दिंडीत आहेत.

टाळकरी पूर्वीसारखे झाले असे आम्ही म्हणणार नाही. गिरणीतले हिशेब सुटले ते सुटले. आता तेथेच पोत्यांची मोजदाद करतात, तीही दोनदा. राग येतो, पण येतोय असे वाटले की उठून अंगणात जातात. आमच्याशी बोलतात. त्या एकादशीची त्यांना आठवण नाही. आम्ही एकदा हात जोडून ती सांगितली, क्षमा मागितली. ते म्हणाले, "असं झालं का? मग मी बी काही कमी बोललो नसेन."

गेल्या आषाढीस ते आमच्याबरोबर पंढरीस निघाले. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते कंदिलासारखा छोटा दिवा जवळ ओढून आपल्या कापडी पिशवीवर काही लिहीत होते. अक्षर अजून सुंदर आहे. दिंडीचा क्रमांक, विणेकऱ्यांचे नाव, घरचा फोन. बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी सांगितले नव्हते, आम्हीही नाही. मान वर न करता ते म्हणाले, "चंद्रभागेच्या गर्दीत मला वाट सुचणार नाही. आताच लिहून ठेवलेलं बरं." मग पेन आमच्यापुढे करून म्हणाले, "तुमचाबी नंबर सांगा. आणि तुमच्या पिशवीवर काही लिहिलंय का तुम्ही?"